घर आवडलंय, पण पलीकडची वस्ती उतरणीला लागलीय... घ्यावं का?

या वेळचं पत्र जसंच्या तसं देते, थोडं काटछाट करून.

"ताई, नमस्कार. मी पस्तिशीतली. नवरा, सहा वर्षांची मुलगी आणि सासूबाई असे आम्ही चौघं भाड्याच्या दोन खोल्यांत राहतो. खूप शोधून एक घर सापडलंय, चार खोल्या, भरपूर उजेड, मागे थोडी मोकळी जागा, आणि चक्क आमच्या बजेटमध्ये. बाकी ठिकाणी एवढ्या पैशात याच्या निम्मंच मिळतं. गोम अशी की घरामागच्या मोठ्या रस्त्याच्या पलीकडे एक जुनी वस्ती आहे, तिथला कारखाना बंद पडल्यापासून ती खालीच चाललीय, निम्मी दुकानं बंद, बरीच घरं रिकामी. एजंट म्हणतो नवीन स्टेशन येतंय, पाच वर्षांत एरिया ओळखू येणार नाही. नवरा म्हणतो आत्ता घेऊ, पाच वर्षांनी विकू आणि मोठं घेऊ. भाऊ म्हणतो तिकडे फुकट दिलं तरी जाऊ नका. मला घर मनापासून आवडलंय पण मुलीची काळजी वाटते, आणि मग असंही वाटतं की आपण उगाच गरीब लोकांना नावं ठेवतोय का? रविवारपर्यंत टोकन द्यायचंय. लहान बहीण समजून स्पष्ट सांगा."

बहीण म्हणालीस म्हणून अगं-तुगंच करते. आणि स्पष्ट सांगायचं तर, तुझ्या नवऱ्याच्या प्लॅनप्रमाणे घेणार असाल, म्हणजे पाच वर्षांनी विकून मोठं घ्यायचं या हिशोबाने, तर नको. पण तुला ते घर राहायला हवं असेल, दहा-बारा वर्षं हलायचंच नाही असं ठरवून, आणि खाली सांगते त्या दोन-तीन गोष्टी तपासून नीट निघाल्या, तर घे, भाऊ काहीही म्हणो. एकच घर, एकच वस्ती, पण कशासाठी घेताय त्यावर उत्तर पार उलटं होतं. तुमच्या घरात तिघं तीन वेगवेगळ्या प्रश्नांवर भांडताय, नवरा गुंतवणुकीवर बोलतोय, भाऊ इज्जतीवर (हो, इज्जतीवरच, 'तिकडे फिरकू नका' यात दुसरं काय असतं) आणि तू राहण्यावर. म्हणून एकमत होत नाहीये.

आधी तुझ्या मनातला तो गरिबांना नावं ठेवण्याचा सल काढून टाकू. गरीब वस्ती आणि उतरती कळा लागलेली वस्ती या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि बहुतेक लोक त्यांची गल्लत करतात, तुझा भाऊसुद्धा. गरीब वस्तीत माणसं दाटीवाटीने राहतात, खोली मिळत नाही म्हणून भाडी चढतात, कुणीतरी कायम वरचा मजला चढवत असतं, कोपऱ्यावर नवीन टपरी येते, मुलं रस्त्यावर खेळतात, गोंगाट असतो, कचरा असतो, पण जीव असतो. उतरत्या वस्तीत शांतता असते. लोक येत नाहीत, जातात. जे राहिलेत ते दुसरीकडे परवडत नाही म्हणून किंवा म्हातारे झालेत म्हणून. पहिल्या प्रकारच्या वस्तीशेजारी घर घ्यायला मला काहीच वाटणार नाही, कित्येकदा तीच पुढे वर येते. दुसऱ्या प्रकारची असेल तर मात्र थांबून बघायचं, आणि त्यात तिथल्या माणसांचा अपमान नाही, उलट सगळ्यात जास्त भोगतात तेच.

आता ही उतरण होते कशी ते थोडं सांगते कारण त्यावरच तुझा निर्णय आहे. कारखाना बंद पडला की पहिल्यांदा पगार जातो, मग तरणी माणसं कामाच्या मागे जातात, मग गिऱ्हाईक नाही म्हणून दुकानं मिटतात, मग दूध आणायलासुद्धा लांब जावं लागतं म्हणून अजून काही जण जातात. कुणी वाईट नसतं यात. थॉमस शेलिंग नावाचा एक अर्थतज्ज्ञ होता, २००५ चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालेला, त्याने शेजार कसे बदलतात हे बुद्धिबळासारख्या चौकटींच्या पटावर दोन प्रकारची नाणी मांडून दाखवलं होतं. त्याचा १९७१ चा पेपर फार प्रसिद्ध आहे. प्रत्येक नाण्याला एवढंच हवंय की शेजारी थोडे तरी आपल्यासारखे असावेत, फार कडक अट नाही, पण एक नाणं हललं की त्याच्या शेजारच्याची अट मोडते, मग ते हलतं, मग पुढचं, आणि बघता बघता सगळा पट बदलून जातो, कुणाच्याही मनात तसं नसताना. तुझ्या पलीकडच्या वस्तीतही हेच झालं असणार, पहिली दहा घरं रिकामी व्हायला काही वर्षं लागतात आणि पुढची दहा धडाधड जातात. म्हणून 'किती घरं रिकामी आहेत' याच्यापेक्षा 'गेल्या दोन वर्षांत किती रिकामी झाली' हे विचारायचं.

आणि इथेच नवऱ्याच्या पाच वर्षांच्या गणिताचं घोडं पेंड खातं. माणसं निघून जातात पण घरं निघून जात नाहीत ना. एडवर्ड ग्लेझर आणि जोसेफ ग्युर्को या दोन अर्थतज्ज्ञांनी २००५ मध्ये नेमकं हेच मांडलं की शहर वाढतं तेव्हा घरं भराभर बांधली जातात, पण उतरतं तेव्हा घरं तशीच उभी राहतात, दशकानुदशकं, त्यामुळे माणसं हळूहळू कमी होतात आणि किमती मात्र धाडकन खाली येतात. अमेरिकेतलं डेट्रॉइट हे याचं सगळ्यांना माहीत असलेलं टोकाचं उदाहरण. १९५० साली तिथे साधारण साडेअठरा लाख माणसं होती, २०१० च्या जनगणनेत सात लाख चौदा हजारांच्या आसपास उरली, २०१३ मध्ये शहराने दिवाळखोरी जाहीर केली, आणि लोकसंख्या पुन्हा जराशी वाढल्याची बातमी आली ती थेट २०२३ च्या अंदाजात. तुझी वस्ती म्हणजे डेट्रॉइट नाही, घाबरू नकोस, पण वेळेचा अंदाज यावा म्हणून सांगितलं. उतरलेली वस्ती परत वर येते, येतच नाही असं नाही, पण ती तुमच्या रिसेलच्या तारखेप्रमाणे येत नाही. एजंटचं काय जातं पाच वर्षं म्हणायला!

त्यांच्या त्या अभ्यासातली अजून एक गोष्ट तुझ्या फार कामाची आहे. जिथे घराची किंमत ते घर नव्याने बांधण्याच्या खर्चाच्या खाली जाते तिथे कुणी नवीन बांधत नाही आणि डागडुजीलाही हात आखडता घेतात, कारण घातलेला पैसा विकताना वसूल होत नाही. तर तू काय कर, एखाद्या ओळखीच्या कॉन्ट्रॅक्टरला घेऊन जा आणि विचार की एवढंच, असंच घर आज उभं करायचं तर नुसत्या बांधकामाला किती लागतील. तो आकडा आणि मालक मागतोय तो आकडा शेजारी शेजारी ठेव. मालकाचा आकडा, जमिनीसकट, बांधकाम खर्चाच्या आसपास किंवा खाली असेल तर बाजार तुला सांगतोय की इथल्या जमिनीला आत्ता काही मोल नाही. जुन्या घराची झीज वजा जाते हे खरं, पण तरी अंदाज येतो. मग त्या घरात किचन नवं करशील, फरशी बदलशील, ते स्वतःच्या सुखासाठी कर, किंमत वाढेल म्हणून करू नकोस.

दुसरा असाच सोपा आकडा म्हणजे भाडं. त्या गल्लीत तसंच घर वर्षाला किती भाड्याने जातं ते काढ, त्याला विक्रीच्या किमतीने भाग, आणि तुम्ही आत्ता राहता त्या घराचंही तसंच काढ. नव्या घराच्या बाबतीत भाडं किमतीच्या मानाने बरंच जास्त निघालं तर लोक म्हणतात वा, किती स्वस्त घर! पण बरेचदा त्याचा अर्थ असा असतो की तिथे राहायला लोक तयार आहेत, पैसे अडकवायला तयार नाहीत. हे वाचून तुला जरा कसंतरी वाटेल, पण मग पुढचा प्रश्न आपोआप येतो की आपणसुद्धा आधी भाड्यानेच का राहू नये? त्यावर येतेच.

लोनचं गणित नवऱ्याला कागदावर करून दाखव, तोंडी नको, तोंडी कुणी ऐकत नाही. समजा किमतीच्या २० टक्के तुम्ही घातले आणि ८० टक्के बँकेचे. किंमत फक्त १० टक्क्यांनी उतरली तर तुमच्या घातलेल्या पैशातला निम्मा गेला, बँकेचं काही गेलं नाही. आणि २० वर्षांचं लोन ९ टक्क्यांनी घेतलं तर पाच वर्षं इमानदारीत ईएमआय भरूनही मुद्दलातले जेमतेम ११ टक्के फिटलेले असतात, ८९ टक्के बाकी, कारण सुरुवातीच्या वर्षांतले हप्ते बहुतेक व्याजातच जातात. म्हणजे पाच वर्षांनी विकायचं म्हणजे मधल्या काळात किंमत नुसती टिकून चालणार नाही, नोंदणी, एजंटची दलाली, दोन वेळचं सामान हलवणं, सगळं भरून निघेल इतकी वाढायला हवी. तीही अशा ठिकाणी जिथे शेजारी निम्मी दुकानं बंद आहेत.

त्यात विकायला निघाल्यावर गिऱ्हाईक लगेच मिळेल हेही धरू नका. बोस्टनमध्ये १९९० च्या दशकात फ्लॅटच्या किमती पडल्या तेव्हाचा डेव्हिड जेनेसोव्ह आणि ख्रिस्तोफर मेयर यांचा एक अभ्यास आहे, २००१ साली छापून आला. ज्यांना घेतल्या किमतीपेक्षा कमीत विकावं लागणार होतं ते मालक बाजारभावापेक्षा जास्त किंमत सांगत बसायचे आणि त्यांची घरं जास्त दिवस पडून राहायची. नुकसान सोसवत नाही, माणसाचा स्वभाव आहे. तुझा नवरा वेगळा वागेल असं मला तरी वाटत नाही (रागावू नकोस), मीही वेगळी वागणार नाही. याची दुसरी बाजूही बघ, आत्ता तुम्हाला घर विकणारा मालकही कदाचित तसाच अडकलेला आहे, त्याने सांगितलेली किंमत ही त्याच्या मनातली किंमत आहे, बाजाराची नाही. ते घर किती दिवसांपासून विकायला आहे ते विचार. एजंटला नको, शेजाऱ्यांना विचार.

स्टेशनचं काय? बाजारात तुरी. घोषणा झाली, नकाशा आला, पेपरात फोटो आला, यातलं काहीही मी धरत नाही. जमीन ताब्यात घेतलीय का, टेंडर निघून काम कुणाला मिळालंय का, प्रत्यक्ष खड्डा खणलाय का, एवढं बघायचं. आणि समजा खरंच काम सुरू असेल तरी एजंटला माहीत आहे म्हणजे मालकालाही माहीत आहे, म्हणजे ते स्टेशन त्या किमतीत आधीच बसलेलं आहे. तुम्ही न आलेल्या गाडीचं तिकीट आजच काढताय. स्टेशन नाहीच आलं तर हे घर याच किमतीला घेऊ का, असा प्रश्न स्वतःला विचार आणि उत्तर नाही असेल तर विषय तिथेच संपला.

आता मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते. तू लिहिलंस की वस्ती 'मोठ्या रस्त्यापलीकडे' आहे. लोक इथे मीटर मोजतात, किती लांब, पाचशे मीटर की किलोमीटर. अंतर मोजून काही कळत नाही गं. तुमचं आणि त्यांचं काय काय सामाईक आहे ते मोज. शाळा एकच आहे का? मुलांचा पट कमी झाला की वर्ग जोडले जातात, शिक्षक बदलून जातात, आणि तो परिणाम रस्ता ओलांडून थेट तुझ्या मुलीपर्यंत येतो. बस त्याच वस्तीतून येते का? प्रवासी कमी झाले की फेऱ्या कमी होतात, तुझ्याही. पाण्याची लाइन, दवाखाना, औषधाचं दुकान, बाजार, सगळं असंच बघ. याउलट शाळा या बाजूला, बस या बाजूने, बाजार या बाजूला, आणि मधला रस्ता खरंच रुंद आणि वाहता असेल, तर पाचशे मीटरवरची वस्ती तुझ्यासाठी बऱ्यापैकी लांब आहे. रेल्वेलाइन, नदी, मोठा रस्ता अशा गोष्टींनी कित्येकदा उतरण अडते. कित्येकदा नाहीही अडत, म्हणून तर जाऊन बघायचं.

बघायचं म्हणजे एजंटबरोबर रविवारी सकाळी अकराला नाही, त्या वेळी सगळ्याच गल्ल्या गोड दिसतात. कामाच्या दिवशी दुपारी तीनला एकदा, रात्री साडेनऊ-दहाला एकदा, आणि जमलं तर जोरदार पाऊस पडल्यावर लगेच. पलीकडच्या वस्तीत नंतर जा, आधी तुमच्याच बाजूच्या, तुमच्या गल्लीतल्या चार-पाच इमारतींमध्ये शिर. जिन्याखाली विजेचे मीटर असतील तर त्यांच्याकडे बघ, किती चालू आहेत, किती मेलेत, कुठल्यावर धूळ आणि कोळिष्टकं आहेत. टपालपेट्या बघ, कुणाच्या पेटीतून महिन्यांपूर्वीची बिलं आणि जाहिरातींचे कागद फुगून बाहेर आलेत. संध्याकाळी दिवे लागणीला खाली उभी राहून किती खिडक्यांत उजेड आहे ते मोज. बंद दुकानाचं शटर बघितलंस तर कुलूप बघ, कुलूप गंजलेलं असेल आणि वर 'भाड्याने देणे' ची पाटीही नसेल तर मालकाने आशा सोडलीय, पाटी नवी असेल तर अजून कुणीतरी प्रयत्न करतंय. आणि रस्त्यावरचा दिवा गेला तर किती दिवसांत येतो हे कुठल्याही दुकानदाराला विचार, हा प्रश्न साधा वाटतो पण त्याच्या उत्तरावरून नगरपालिकेचं त्या भागाकडे लक्ष आहे की तिने तो वाऱ्यावर सोडलाय हे चक्क कळतं. 'दोन दिवसांत येतात' आणि 'कुणाला सांगणार?' यात जमीनअस्मानाचा फरक आहे.

तुमच्या बाजूच्या गल्लीत दिवे चालू, मीटर फिरतायत, एखादं घर रंगवायला काढलंय, तर उतरण अजून रस्ता ओलांडून आलेली नाही. तुमच्याच गल्लीत चारातली एक खिडकी अंधारी असेल तर मात्र ती आलीय, मग किंमत कितीही कमी असो, पाय मागे घे.

मुलीच्या सुरक्षिततेबद्दल. 'एरिया खराब आहे' या वाक्यात काहीच माहिती नसते. डेव्हिड वाइजबर्ड या गुन्हेशास्त्रज्ञाने सिएटल शहरातले बऱ्याच वर्षांचे गुन्हे नुसते एरियाप्रमाणे न बघता रस्त्याच्या एकेका तुकड्यावर मांडले, तेव्हा निम्मे गुन्हे फक्त ५ टक्क्यांच्या आसपास तुकड्यांवर निघाले, आणि पुढे बऱ्याच शहरांत साधारण असंच चित्र दिसलं. म्हणजे बदनाम एरियातसुद्धा बहुतेक गल्ल्या शांत असतात आणि चांगल्या म्हणवणाऱ्या एरियातही एखादा कोपरा घाणेरडा असतो. म्हणून 'इथे सेफ आहे का' असं विचारू नकोस, त्याचं उत्तर राहणारा हो देणार आणि न राहणारा नाही देणार. तिथे राहणाऱ्या कॉलेजच्या मुलींना, रात्रपाळीहून येणाऱ्या बायकांना विचार की कुठल्या गल्लीतून येत नाही, कुठला रस्ता टाळता. त्या पटकन बोट दाखवतील. मग घर ते शाळा, घर ते बसस्टॉप हा रस्ता तू स्वतः चालून बघ, आणि त्यांनी दाखवलेली जागा त्या रस्त्यात येते का बघ. येत नसेल तर तुझी काळजी बरीचशी मिटली. येत असेल तर चार खोल्यांचा मोह सोड, कारण पुढची दहा वर्षं रोज संध्याकाळी तू घड्याळाकडे बघत बसशील.

बँकेचा व्हॅल्युअर, म्हणजे घराची किंमत ठरवणारा माणूस, हा फुकटचा सल्लागार समज (फी असते खरं तर, पण टोकनपेक्षा स्वस्त). दोन वेगळ्या बँकांकडे लोनची चौकशी कर. दोन्हींचं मूल्यांकन मालकाच्या किमतीच्या जवळ आलं तर बरं. एकीने कमी किंमत लावली, किंवा 'त्या भागात आम्ही जास्त देत नाही' असं काहीतरी तोंडातल्या तोंडात म्हटलं, तर नीट कान दे. बँका नेहमी बरोबर असतात असं माझं म्हणणं नाही हं. अमेरिकेत १९३० च्या दशकात एका सरकारी गृहकर्ज संस्थेने शहरांचे नकाशे काढून काही वस्त्या लाल रंगाने दाखवल्या होत्या, धोक्याच्या म्हणून, आणि त्या ठरवताना माणसांच्या कातडीचा रंगही बघितला होता. अशा वस्त्यांना कर्ज मिळणं मुश्कील, कर्ज नाही म्हणून गिऱ्हाईक नाही, गिऱ्हाईक नाही म्हणून डागडुजी नाही, आणि मग खरंच उतरण. १९६८ मध्ये घरांच्या बाबतीतला असा भेदभाव कायद्याने बंद केला तरी त्यातल्या कित्येक वस्त्या अजून सावरलेल्या नाहीत. अन्याय होता तो, शंभर टक्के. पण तुझ्यापुरता व्यवहार असा आहे की उद्या तुझ्याकडून घर घेणाऱ्यालाही याच बँकांकडे जायचंय, आणि बँकेने त्याला लोन नाही दिलं तर तुझं घर विकत नाही.

दुसऱ्या बाजूनेही बोलते, नाहीतर तू म्हणशील ताईने नुसती भीती घातली. उतरलेली वस्ती सावरायला दरवेळी स्टेशन आणि मॉल लागत नाहीत. फिलाडेल्फियात रिकाम्या पडलेल्या ५४१ प्लॉटवर एक नीट प्रयोग झाला, त्याचे निष्कर्ष २०१८ मध्ये छापून आले. चिठ्ठ्या टाकल्यासारखे प्लॉट निवडून काहींवरचा कचरा उचलला, गवत आणि थोडी झाडं लावली, लाकडाचं बुटकं कुंपण घातलं आणि नियमित निगा ठेवली, काही तसेच ठेवले. गरीब भागांमध्ये साफ केलेल्या प्लॉटच्या आसपास गोळीबाराच्या घटना २९ टक्क्यांनी कमी झाल्या. बुटकं कुंपण आणि गवत! म्हणून पलीकडच्या वस्तीत जाशील तेव्हा फक्त काय पडलंय ते बघू नकोस, कोण उचलतंय तेही बघ. एखादं मंडळ, एखादी शाळेची बाई, एखादा नगरसेवक जो खरंच फिरतो, बंद कारखान्याच्या जागेचं काय ठरतंय, ती कुणाच्या नावावर आहे, कोर्टात अडकलीय का. त्या जागेची मालकी वादात असेल तर ती तशीच पडून राहणार आणि आसपासचं सगळं खाली ओढणार. ती जागा कुणीतरी घेतली असेल आणि तिथे काही उभं राहत असेल तर ते स्टेशनपेक्षा मोठं लक्षण आहे.

तुझ्या पत्रात सासूबाईंचं मत कुठेच नाही, लक्षात आलं का तुझ्या? दिवसभर त्या घरात सगळ्यात जास्त वेळ त्याच असणार, दुपारी शाळेतून आलेल्या नातीला घेऊन. नवरा सकाळी जाऊन रात्री येणार, त्याला वस्ती दिसणारच नाही, भाऊ तर तिथे राहतच नाही. सासूबाईंना एकदा दुपारी घेऊन जा आणि मागच्या मोकळ्या जागेत नाही, समोरच्या गल्लीत फिरव. औषधं आणायला एकट्या जाल का, एवढंच विचार. म्हातारी माणसं याचं खरं उत्तर देतात.

आणि भाड्याचं म्हणत होते ते हे. तुम्ही आत्ताही भाड्यानेच राहता ना, मग तेच भाडं त्या गल्लीत द्या. एक वर्ष. लोनचा हप्ता आणि भाडं यातला जो फरक वाचेल तो बाजूला टाका, डाउन पेमेंट वाढेल. वर्षभरात पाऊस, सुट्ट्या, शाळेचं नवं वर्ष सगळं दिसेल, आणि शेजारी कळतील, जे कुठल्याच आकड्यात येत नाहीत. तेवढ्यात हे घर गेलं तर? जाऊ दे. जिथून लोक निघतायत तिथे घरांचा तुटवडा पडत नाही, त्याच गल्लीत दुसरं मिळेल. आणि वर्षभरात किमती चढल्या आणि तुम्ही चुकलात असं वाटलं, तर निदान उतरण थांबल्याचं कळलं, तेवढ्यासाठी थोडे जास्त मोजायला हरकत नाही. शाळा बदलायची कटकट आहे, सामान दोनदा हलवायचंय, मान्य, हे सगळ्यांना जमत नाही. तुम्हाला जमणार नसेल तर मग निदान वरची तपासणी पूर्ण करा आणि किंमत पाडून मागा, थोडीथोडकी नाही, म्हणजे १० टक्के उतरली तरी झोप उडणार नाही अशी. ईएमआय एकाच्या पगारात बसतोय का तेही बघा, दोघांच्या पगारावर ताणलेलं लोन अशा घरावर घेऊ नये असं माझं ठाम मत आहे, कारण नोकरी गेली तर चांगल्या एरियातलं घर निदान विकता येतं.

नवऱ्याशी बोलताना 'घ्यायचं की नाही' इथून सुरुवात करू नकोस, वादच होणार. त्याला विचार, हे घर बारा वर्षं विकायचं नाही असं ठरलं तर तुला हवंय का? तो लगेच हो म्हणाला तर तुम्ही दोघं एकाच घराबद्दल बोलताय. त्याने तोंड वाकडं केलं तर त्याला घर नकोय, नफा हवाय, आणि तो इथे मिळेल असं मला दिसत नाही.

रविवारचं टोकन देऊ नकोस. एजंटला फोन करून सांग की दोन बँकांचं मूल्यांकन आल्यावर बोलू, आणि तोवर कुणी घेतलं तर आमची हरकत नाही. पंधरा दिवसांत त्याचाच फोन येतो की नाही बघ, आणि आला तर त्या फोनवर किंमत किती सांगतो ते मला कळव.